विश्लेषण : शेवटचा ड्रॅगन ‘निकाली’ की ‘नुरा’? ऑनलाइन गेममधली अखेरची लढत समाधान देणारी कशी होते?

महिनोन् महिने खेळून गेमच्या शेवटच्या टप्प्यावर पोहोचायचे, समोर आभाळ व्यापणारा ड्रॅगन यायचा आणि लढत संपल्यावर ‘एवढेच?’ असे वाटायचे. किंवा नेमके उलट: पन्नास वेळा हरूनही आपले कुठे चुकले हे कळायचे नाही. ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांच्या या दोन तक्रारी जगभर सारख्या आहेत. ड्रॅगनचे चित्र कितीही भव्य असले तरी लढतीचे गणित फसले की सगळा गेम फिका पडतो. हे गणित काय असते, ऑनलाइन गेममध्ये ते अधिक अवघड का होते आणि पुण्यातल्या गेम उद्योगासाठी ते आत्ताच का महत्त्वाचे आहे, याचा हा आढावा.

हा विषय आत्ता का?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगच्या प्रोत्साहन आणि नियमनाचा कायदा मंजूर केला. २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि पैज नसलेले ‘ऑनलाइन सोशल गेम’ यांना प्रोत्साहन देण्याची भूमिका आहे. पाठोपाठ सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स क्षेत्रासाठीच्या धोरणाला मंजुरी दिली. त्याचा आराखडा ३,२६८ कोटी रुपयांचा आहे.

पैजेचा थरार बाजूला काढला की खेळणाऱ्याला धरून ठेवायला गेमकडे एकच गोष्ट उरते, ती म्हणजे खुद्द गेम. तो चांगला बांधला आहे की नाही, याची सर्वात कडक परीक्षा शेवटच्या लढतीत होते.

शेवटची लढत म्हणजे नेमके काय?

वरवंड, पाटस, यवत या दौंड पट्ट्यात किंवा पलीकडे शिरूरकडे गावजत्रेचा आखाडा पाहिलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. दुपारी लहान पोरांच्या रेवडीवरच्या कुस्त्या लागतात. मग इनामाची रक्कम चढत जाते, जोड तगडी होत जाते आणि दिवस कलताना शेवटची मोठी कुस्ती लागते. गर्दी तिच्यासाठी थांबलेली असते. ती चितपट झाली, म्हणजे निकाली झाली, तर लोक फेटे उडवतात. पंचांनी बरोबरीत सोडवली तर चुकचुकतात. दोघांनी आधीच ठरवून केलेली ‘नुरा’ कुस्ती असल्याचा संशय आला, तर आखाडा काही क्षणांत रिकामा होतो.

गेममधली ‘बॉस फाइट’ हीच शेवटची कुस्ती आहे. तोवर खेळणारा जे डाव शिकला, त्या सगळ्यांची तिथे एकत्र परीक्षा होते. समाधान देणाऱ्या लढतीच्या अटी तीन. पहिली, परीक्षा शिकवलेल्या धड्यावरच हवी. दुसरी, हरलो तर का हरलो हे कळायला हवे. तिसरी, जिंकलो तर ते आपल्या हाताने जिंकल्याची खात्री हवी. यातली एक जरी निसटली तरी ड्रॅगनचे पंख कितीही सुंदर असले तरी उपयोग नसतो.

माइनक्राफ्टचा ड्रॅगन काय शिकवतो?

मोबाइलवरच्या मुलांना सर्वात परिचित ड्रॅगन आहे तो ‘माइनक्राफ्ट’चा ‘एंडर ड्रॅगन’. या गेमची पहिली पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २०११ मध्ये आली आणि आजवर त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत. त्यातली ड्रॅगनशी लढत दिसायला साधी आहे. उंच खांबांवर स्फटिक ठेवलेले असतात आणि ते ड्रॅगनच्या जखमा भरून काढतात. आधी स्फटिक फोडल्याशिवाय ड्रॅगनवर कितीही बाण मारले तरी फारसा फरक पडत नाही.

इथे मांडणीतली हुशारी दिसते. लांबचे स्फटिक बाणाने फुटतात, म्हणजे नेमबाजी लागते. काही स्फटिकांभोवती लोखंडी जाळी असते, म्हणजे ठोकळे रचून वर चढावे लागते. वरून पडलात तर बादलीतले पाणी योग्य क्षणी ओतून जीव वाचवता येतो. ड्रॅगन मधल्या चौथऱ्यावर येऊन बसला की त्याच्यावर बाण चालत नाहीत, तेव्हा तलवार घेऊन जवळ जावे लागते. नेमबाजी, बांधकाम, पाण्याची युक्ती, तलवार यातले काहीही त्या दिवशी नव्याने शिकायचे नसते. गेमने हे सगळे आधीच, छोट्या छोट्या प्रसंगांत शिकवून ठेवलेले असते. प्रश्नपत्रिका कठीण आहे, पण अभ्यासक्रमाबाहेरची नाही.

ड्रॅगनची ताकद कशी ठरवतात?

नवख्या डिझायनरची पहिली चूक इथेच होते. ड्रॅगन मोठा वाटावा म्हणून तो त्याच्या ‘हेल्थ’चा आकडा वाढवत नेतो.

एक सोपे गणित पाहू. समजा, दहा जणांचा चमू आहे आणि प्रत्येक जण सेकंदाला ५०० अंकांचे नुकसान करतो. म्हणजे चमूचे मिळून सेकंदाला ५,०००. लढत पाच मिनिटे, म्हणजे ३०० सेकंद चालावी असे वाटत असेल तर ड्रॅगनची हेल्थ १५ लाख ठेवावी लागेल. आता नेट गेल्यामुळे चार जण बाहेर पडले. उरलेल्या सहा जणांना तोच ड्रॅगन मारायला ५०० सेकंद, म्हणजे आठ मिनिटे २० सेकंद लागतील. उलट पंधरा जण आले तर तो २०० सेकंदांतच कोसळेल. म्हणून अनेक ऑनलाइन गेम खेळाडूंच्या संख्येनुसार हेल्थ कमी-जास्त करतात.

पण लढत लांबली म्हणजे रंगली असे होत नाही. तोच हल्ला, तोच बचाव पाच मिनिटे चालला तर खेळणारा दुसऱ्या मिनिटाला कंटाळतो. त्यावरचा उपाय म्हणजे टप्पे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा गेम नोव्हेंबर २००४ मध्ये आला. त्यातली ऑनिक्सिया ही ड्रॅगनीण या बाबतीत आजही उदाहरण म्हणून दिली जाते. चाळीस जणांच्या चमूने तिला सामोरे जायचे. सुरुवातीला ती जमिनीवर लढते. हेल्थ ६५ टक्क्यांवर आली की ती हवेत झेपावते, वरून आग ओकते आणि तिची पिले चमूवर धावून येतात. ४० टक्क्यांवर ती पुन्हा खाली उतरते, पण आता तिच्या डरकाळीने खेळाडू भेदरून सैरावैरा पळू लागतात. पहिल्या टप्प्यात शिकलेली जागा धरून ठेवण्याची शिस्त तिसऱ्या टप्प्यात भीतीच्या सावटाखाली पाळावी लागते. डाव ओळखीचा, पण परिस्थिती बिकट. लढत चढत जाते ती अशी.

‘माझीच चूक झाली’ असे वाटणे का गरजेचे?

चांगल्या लढतीत हरलेला खेळाडू म्हणतो, ‘थांब, आणखी एकदा.’ वाईट लढतीत हरलेला म्हणतो, ‘गेमच बकवास आहे.’ दोघांमधला फरक असतो इशाऱ्याचा.

आग ओकण्याआधी ड्रॅगन मान मागे घेतो, शेपटी फिरवण्याआधी अंग वळवतो, जमिनीवर जिथे आग पडणार तिथे आधी लाल वर्तुळ दिसते. पैलवानाच्या खांद्याची हालचाल पाहून समोरच्याला ढाक लागणार की घिस्सा हे ओळखता यावे, तसेच हे. डाव दिसला, तोडही माहीत होती, पण वेळेत जमली नाही, तर हार पचते. इशाराच नसेल तर तो अन्याय वाटतो.

मोबाइलवर यात एक अडचण वाढते. सहा इंचांच्या पडद्यावर दोन अंगठ्यांनी बराच भाग झाकलेला असतो. संगणकावर सहज दिसणारा बारीक इशारा इथे बोटाखाली जातो. त्यामुळे मोबाइलसाठीच्या ड्रॅगनचा इशारा ठळक हवा, पडद्याच्या वरच्या आणि मधल्या भागात हवा आणि शक्य तर आवाजातूनही मिळायला हवा. मात्र अनेक जण आवाज बंद ठेवून खेळतात, हे धरून केवळ आवाजावर विसंबता येत नाही.

ऑनलाइन असल्याने काय बदलते?

दोन गोष्टी बदलतात: अंतर आणि गर्दी.

आधी अंतर. पडद्यावर काही दिसल्यावर बोट हलायला माणसाला साधारण पाव सेकंद, म्हणजे २५० मिलिसेकंद लागतात. ड्रॅगनचा इशारा ४०० मिलिसेकंदांचा आहे असे समजू. सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्याचा वेळ, ज्याला खेळणारे ‘पिंग’ म्हणतात, तो १५० असेल तर ४०० मधून १५० आणि २५० गेल्यावर हातात उरते शून्य. म्हणजे हा खेळाडू कितीही चपळ असला तरी बचाव जेमतेम होईल किंवा होणारच नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर मुंबईऐवजी सिंगापूरला असेल, तर केवळ जाण्या-येण्यातच ४० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो. मोबाइल टॉवर, वाटेतली यंत्रे आणि गर्दी यांचा वेळ वेगळा. आषाढी वारीत तुकोबांच्या पालखीचा मुक्काम वरवंडला असतो. एरवी नीट चालणारे नेट अशा गर्दीत कसे मंदावते, हे तिथल्या कोणालाही विचारावे.

यावर दोन उपाय वापरले जातात. इशारा सेकंदभर किंवा त्याहून जास्त ठेवायचा. आणि ‘वाचलो की नाही’ याचा निर्णय खेळाडूच्या फोनवर जे दिसले त्यावरून घ्यायचा, सर्व्हरने फक्त लबाडी होत नाही ना एवढे तपासायचे. पडद्यावर आपण आगीबाहेर आहोत आणि तरी मेलो, यासारखा संताप दुसरा नाही.

आता गर्दी. दहा जणांच्या चमूत प्रत्येक जण एखादा हल्ला चुकवण्यात ९५ टक्के वेळा यशस्वी होतो असे धरू. ऐकायला हा चमू उत्तम वाटतो. पण दहाही जण एकाच वेळी वाचण्याची शक्यता ०.९५ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ६० टक्केच असते. असे चार हल्ले असतील आणि एक जण चुकला तरी सगळे हरणार असतील, तर जिंकण्याची शक्यता १३ टक्क्यांवर येते. तेच कौशल्य ९८ टक्क्यांवर नेले तर ती ४५ टक्के होते. एका खेळाडूला सोपी वाटणारी लढत दहा जणांना अशक्य का वाटते, याचे उत्तर या गणितात आहे. म्हणून चांगल्या सामूहिक लढतीत पडलेल्या सोबत्याला उठवण्याची सोय असते. एकाच्या चुकीची किंमत सगळ्यांनी थोडी मोजायची, पण तेवढ्याने डाव संपू द्यायचा नाही.

मोठ्या कंपन्यांचे कुठे चुकले?

‘गिल्ड वॉर्स २’ या गेममध्ये दोन्ही टोकांच्या चुका पाहायला मिळतात. ऑगस्ट २०१२ मध्ये आलेल्या या गेमच्या मूळ कथेचा शेवट झाइतान नावाच्या महाकाय ड्रॅगनशी होतो. सुरुवातीच्या काळात पाच जणांचा चमू हवाई जहाजावर उभा राहून तोफा डागत असे आणि ड्रॅगन समोर बराचसा नुसता लटकून असे. तोवर कमावलेली शस्त्रे, शिकलेले डाव यांचा त्या शेवटच्या क्षणी उपयोग नाही. तोफेचे बटण दाबत राहायचे. खेळाडूंनी याला निराशाजनक शेवट ठरवले आणि ती तक्रार वर्षानुवर्षे टिकली. आखाड्याच्या भाषेत ही नुरा कुस्ती झाली.

साडेनऊ वर्षांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘एंड ऑफ ड्रॅगन्स’ हा त्याच गेमचा पुढचा भाग आला. त्यातली सू-वॉन या ड्रॅगनशी होणारी सामूहिक लढत मात्र इतकी कठीण होती की, अनोळखी खेळाडूंचे मोठे गट तास-दोन तास खपूनही वेळ संपल्यामुळे हरत होते. शेवटी कंपनीला ती सौम्य करावी लागली. धडा असा की, ओळखीच्या, बोलून खेळणाऱ्या चमूला जी लढत रंगतदार वाटते, ती योगायोगाने जमलेल्या गर्दीला झेपेलच असे नाही. कोण खेळणार आहे, हे ठरवल्याशिवाय ‘कठीण’ या शब्दाला अर्थ नसतो.

पुण्यातल्या गेमची स्थिती काय?

वरवंडपासून साठेक किलोमीटरवरच्या पुण्यात या प्रश्नांवर रोज काम चालते. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातल्या स्टुडिओचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा गेम २०२० मध्ये आला. तो ऑनलाइन नाही, एकट्याने खेळायचा आहे. पण भारतीय पुराणकथांच्या वातावरणातला महाबलासुर हा अंतिम शत्रू त्याने जगभरच्या खेळाडूंसमोर उभा केला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकन मिळाले. चित्र आणि कथेचे कौतुक झाले, तरी शेवट घाईने आल्याची तक्रारही समीक्षणांत दिसली. छोट्या चमूंची ही नेहमीची अडचण असते. पैसा आणि वेळ संपत आलेला असतो तेव्हा शेवट बांधायची वेळ येते. म्हणून अनुभवी डिझायनर शेवटची लढत आधी कच्ची बांधून घेतात आणि मग तिथपर्यंत नेणारे टप्पे रचतात.

पुण्याच्याच सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस बॅटल रॉयल’ हा ऑनलाइन गेम आणला. त्यात ड्रॅगन नाही. तिथे माणसांची माणसांशी लढत असते. तरी शेवटाचा प्रश्न त्यालाही सुटलेला नाही. शेवटचा जिवंत उरेल तो जिंकेल, या नेहमीच्या नियमाला त्यांनी ‘कॉस्मियम’ ताब्यात घेऊन जिंकण्याचा दुसरा मार्ग जोडला. त्यामुळे अखेरच्या क्षणी लपून बसणाऱ्याला बाहेर यावे लागते. ‘रिअल क्रिकेट’ बनवणारी नॉटिलस मोबाइल हीसुद्धा पुण्याचीच. २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनने तिच्यातला नियंत्रक हिस्सा घेतला. थोडक्यात, पैसा आणि माणसे या शहरात येत आहेत. मोठ्या सामूहिक अंतिम लढतीचा, जगाने नाव घ्यावे असा गेम मात्र इथून अजून यायचा आहे.

पैसे मोजून ड्रॅगन मारता आला तर?

खरा पेच इथे आहे. नव्या कायद्याने पैज बंद केली. पण वर्गणी किंवा प्रवेशशुल्क घेण्याची मुभा सोशल गेमना आहे, फक्त ती रक्कम पैजेच्या स्वरूपाची नको. गेममधली तलवार, कवच, जादा जीव विकणे हा तर जगभरातल्या मोफत मोबाइल गेमचा मुख्य धंदाच आहे.

अशा कंपनीला एक मोह कायम असतो: ड्रॅगन थोडा जास्तच अवघड करायचा आणि हरलेल्याच्या समोर लगेच ‘९९ रुपयांत पुन्हा जिवंत व्हा’ अशी पाटी लावायची. तेव्हा लढतीचा कठीणपणा खेळाडूसाठी राहत नाही, तो वसुलीसाठी होतो. इशारे मुद्दाम धूसर होतात, हेल्थचा आकडा मुद्दाम फुगतो. जिंकलेल्यालाही आपण जिंकलो की आपले पैसे जिंकले, हे सांगता येत नाही. आपण वर पाहिलेली तिसरी अट इथे मोडते.

पालकांना आणि खेळणाऱ्यांना हे ओळखण्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. हरल्यानंतर गेम आधी चूक दाखवतो की आधी दुकान उघडतो? एकही रुपया न भरता ही लढत कोणी जिंकले आहे का, याचे व्हिडिओ सापडतात का? विकत घेतलेल्या वस्तूने फक्त रूप बदलते की ताकदही वाढते? केवळ रूप बदलत असेल तर तो हौसेचा खर्च आहे. ताकद वाढत असेल आणि तिच्याशिवाय पुढे जाता येत नसेल, तर ड्रॅगन म्हणजे टोलनाका आहे.

शिकायचे असेल तर सुरुवात कुठून?

गेम खेळणाऱ्या गावाकडच्या मुलांपैकी काहींना गेम बनवायचेही असतात. त्यासाठी महागडा संगणक ही पहिली अट नाही. ‘गोडो’ हे गेम इंजिन मोफत आणि मुक्त-स्रोत आहे आणि त्याचा एडिटर अँड्रॉइडवरही चालतो. पण त्याही आधी वही पुरते. ड्रॅगनचे तीनच हल्ले लिहा. प्रत्येकासमोर त्याचा इशारा, इशाऱ्याचा वेळ आणि त्याची तोड लिहा. ती तोड खेळणाऱ्याला गेममध्ये आधी कुठे शिकवली, हेही लिहा. हा शेवटचा रकाना रिकामा राहिला, तर तो हल्ला खोडून टाका.

मग मित्राला खेळायला बसवा आणि मागे गप्प उभे राहा. ‘अरे, उजवीकडे पळ’ असे सांगावेसे वाटले, तर दोष मित्राचा नाही. इशारा कमी पडला आहे. तो हरल्यावर त्याला एकच प्रश्न विचारा, ‘का हरलास?’ त्याने नेमके कारण सांगितले आणि फोन खाली न ठेवता पुन्हा खेळायला घेतले, तर ड्रॅगन तयार झाला असे समजायला हरकत नाही.